देशी मका नागपूरच्या अंगणात: ऐंशी ताटं आणि ओंजळभर बी

भुट्टा सोलताना जे केस बोटांना चिकटतात आणि आपण झटकून टाकतो, त्या केसांतच मक्याचं सगळं गणित आहे. कणसावरचा प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो. कणसावर बारा ओळी आणि ओळीत तीस दाणे धरले, तर ३६० दाणे म्हणजे ३६० केस. (ओळी जवळजवळ नेहमी सम संख्येत असतात. पुढच्या भुट्ट्याच्या वेळी मोजून बघा.) या प्रत्येक केसावर एक तरी परागकण पडला पाहिजे, आणि तो केसातून आतपर्यंत उतरला पाहिजे. ज्या केसावर पडला नाही, तिथे दाणा भरत नाही. लोक म्हणतात, 'खत कमी पडलं.' पण दात पडल्यासारखं कणीस दिसलं की बहुतेक वेळा पराग कमी पडलेला असतो.

पराग येतो शेंड्यावरच्या तुऱ्यातून, केस असतात खाली ताटाच्या (मक्याच्या खोडाच्या) मध्यावर, आणि मधला प्रवास वाऱ्याच्या भरवशावर. त्यातही एक गोम आहे. झाडाचा तुरा बहुधा त्याच झाडाचे केस बाहेर पडण्याआधी एकदोन दिवस फुलतो. म्हणजे मका मुळातच शेजाऱ्याचा पराग घेण्यासाठी घडलेला आहे. कुंडीत हौसेने लावलेली चार झाडं छान हिरवीगार वाढतात आणि शेवटी बोडकी कणसं देतात, ती यामुळेच.

देशी मका म्हणजे ज्याचं बी आपण ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर तसाच मका येतो, तो. दुकानातल्या पाकिटावर 'संकरित' लिहिलेलं असेल तर ते बी इथे कामाचं नाही. पहिल्या वर्षी पीक उत्तम येईल, पण त्याचं ठेवलेलं बी पेरलं की कुठलं झाड उंच, कुठलं खुजं, कुठलं उशिरा फुलणारं, अशी खिचडी होते. फुटाळा तलावावर उकडून मिळणारा गोड मकाही बहुतेक संकरितच. राजस्थानचा 'मालन', साठ दिवसांत येणारा 'साठी', ईशान्येचा 'सिक्कीम प्रिमिटिव्ह' ही देशी वाणांची जुनी नावं. आपल्या जवळ बघायचं तर मेळघाटात आणि सातपुड्यात घरोघरी राखलेला मका आहे. आठवडी बाजारात मक्याचं 'घरचं बी' आहे का, असं विचारावं. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं; ते घरच्या बियाण्यात मिसळू नये आणि तोंडात तर टाकूच नये. 'आफ्रिकन टॉल' हाही संकरित नाही, सुधारित वाण आहे, पण तो चाऱ्यासाठीचा. कंपाउंडच्या भिंतीशेजारी त्याची भलती उंच ताटं वाऱ्यात आडवी होतात.

किती जागा लागते, याचं उत्तर स्पष्ट देतो: ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे साधारण १३ फूट बाय १० फूट. त्यात ६० सेंटिमीटर अंतरावर पाच ओळी आणि ओळीत २५ सेंटिमीटरवर एक झाड, अशी ८० ताटं बसतात. एकच लांब ओळ करू नका. ८० झाडं एका ओळीत लावली तर वारा बाजूने आला की पराग सगळा शेजारच्या छपरावर. चौकोनी ताटवा असला की कुठूनही वारा आला तरी पराग कुणाच्या तरी केसांवर पडतो. ऊन दिवसाला सहा ते आठ तास हवं. आंब्याच्या सावलीत मका फक्त उंच होतो.

गच्चीचा मोह टाळावा. एक फूट जाडीचा भिजलेल्या मातीचा थर चौरस मीटरला ४५० ते ५०० किलो भरतो, आणि वापराच्या गच्चीवर धरलेला चालता भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला साधारण १५० किलोच असतो. बारा चौरस मीटरचा वाफा म्हणजे पाच-सहा टन. पालापाचोळ्याचं हलकं मिश्रण घेतलं तरी आकडा त्या मर्यादेच्या वर जातो. इंजिनीअरला दाखवून, तुळयांच्या आणि भिंतींच्या रेषेवर मोजक्या ग्रो-बॅग ठेवता येतील, पण बी राखायचा मका जमिनीतच बरा.

नागपूरची जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती पाणी सोडायला तयार नसते. मक्याला पाणी आवडतं, पण मुळाशी तुंबलेलं नाही. पाच-सहा पानं येईपर्यंत झाडाचा वाढता कोंब जमिनीच्या आतच असतो. त्या काळात दोन-चार दिवस पाणी साचलं की रोप पिवळं पडतं, मग मरतं, आणि आपण म्हणतो, बी खराब होतं. आधी एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर सपाट वाफा करू नका. वीतभर उंच वरंबे करा, बी वरंब्यावर लावा, आणि सरीचं तोंड नालीकडे उघडं ठेवा.

हंगाम खरिपाचाच धरा. उन्हाळी मक्याचा तुरा एप्रिल-मेमध्ये आला तर बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत पराग मरतो आणि केस वाळून जातात. कितीही पाणी द्या, दाणा भरत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पेरलेला रब्बी मका चांगला येतो, पण तो नळाच्या पाण्यावर जगतो. मक्याला हंगामभर साधारण ५०० मिलिमीटर पाणी लागतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणून १२ चौरस मीटरला झाले ६,००० लिटर. एवढी टाकी कोण ठेवणार? खरिपात बहुतेक पाणी आभाळातून येतं. फक्त ऑगस्टमधली उघडीप सांभाळायची असते. त्या वेळी दिवसाला पाच मिलिमीटरच्या हिशेबाने ६० लिटर लागतात. छपराच्या पन्हाळीखाली ठेवलेली १,००० लिटरची टाकी सोळा दिवस पुरते. 'स्वावलंबी बाग' या शब्दाला नागपुरात अर्थ असेल तर तो एवढ्याच हिशेबात.

मृगाच्या पहिल्या सरीवर घाई करू नये. आर्द्रा लागल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, वीतभर खोल ओल झाली की टोकण करा. एका जागी दोन बिया, ४ ते ५ सेंटिमीटर खोल. वर टाकलं तर पक्षी उचलतात, खोल गेलं तर काळ्या मातीची खपली कोंब फोडू देत नाही. दहा-बारा दिवसांनी दोनांतलं कमजोर रोप कात्रीने कापा. उपटायला गेलात तर दुसऱ्याची मुळं हलतात. एक लक्षात ठेवा: कमजोर म्हणजे आजारी किंवा खुरटलेलं. रंग वेगळा, खोड जांभळं, एवढ्यावरून कुणाला काढू नका. तो फरक म्हणजेच देशी वाणाची शिदोरी.

खताचा हिशेब लोक फार भावनेने करतात. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस असते, म्हणजे आपल्या वाफ्याला १४४ ग्रॅम. देशी मक्याला त्याच्या निम्मं पुरतं. जास्त दिलं तर ताटं लुसलुशीत वाढून लोळतात. घरच्या कंपोस्टमध्ये साधारण एक टक्का नत्र असतो आणि पहिल्या वर्षी त्यातला पाव हिस्साच झाडाला मिळतो. ३० किलो कंपोस्टमधून ३०० ग्रॅम नत्र आत गेला तरी या हंगामात हाती ७५ ग्रॅम. म्हणजे बरोबर जमतं. दोन-तृतीयांश खत पेरणीआधी मातीत मिसळा आणि उरलेलं झाड टोंगळ्याइतकं (गुडघ्याइतकं) झालं की बुंध्याशी द्या. त्याच वेळी डवरणी करून, म्हणजे ओळींमधली माती हलवून, मातीची भर लावा. खालच्या पेऱ्यातून जी जाड मुळं हवेत डोकावतात, ती मातीत रुतली की झाडाला टेकू मिळतो. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या रेषेने इंग्रजी व्ही अक्षरासारखी पिवळी पडत आली तर नत्र कमी आहे. कडा करपल्या तर पालाश (पोटॅश). एक वाटी राख बुंध्याभोवती चालते, पोतंभर नाही.

हे ३० किलो कंपोस्ट येतं कुठून? फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात आणि गल्लोगल्ली ती पेटवली जातात. ती पोत्यांत भरून ठेवा. स्वयंपाकघरातला एक डबा ओला कचरा टाकला की त्यावर दोन डबे वाळकं पान. संत्र्याची सालं चालतात, पण बारीक करून आणि थोडी थोडी. ढीगच्या ढीग टाकला तर कुजायला महिने लागतात. मक्याची ताटं हंगाम संपल्यावर चार बोटांच्या तुकड्यांत कापून याच ढिगात जातात. वाफ्यातून बाहेर जातो फक्त दाणा: तीन-चार किलो. त्याच्यासोबत जाणारा नत्र ५०-६० ग्रॅम. बाकी सगळं परत मातीत. घाईची वेळ आली तर एक उपाय आहे, ज्याबद्दल लोक बोलायला संकोचतात: दहापट पाण्यात मिसळलेलं मानवी मूत्र. लिटरमागे पाच-सात ग्रॅम नत्र त्यात असतो. पानांवर न टाकता बुंध्याशी ओतायचं, आणि तुरा आल्यावर बंद करायचं.

मका, वेलीची शेंग आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची, आणि ती खरोखर चांगली आहे. पण इथे तिची नक्कल करताना दोन गोष्टी बघा. एक, भोपळ्याचा वेल पाच ओळींच्या वाफ्यात सोडला की पावसाळ्यात पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि मक्याला ऑगस्टमध्ये रोज हात लावायचा असतो. त्याला वाफ्याच्या बाहेर, कुंपणावर चढवा. दोन, बरबटी (चवळी) मक्याला नत्र 'देते' हा समज अर्धाच खरा आहे. त्या हंगामात ती स्वतःपुरता नत्र जमवते. मक्याला फायदा होतो तो तिची मुळं आणि पाला कुजल्यावर, पुढच्या पिकात. म्हणून मका वीतभर झाल्यावर कडेच्या दोन ओळींत बरबटी लावा, आणि दसऱ्यानंतर रिकाम्या वाफ्यात हरभरा टाका. सोले (हिरवे दाणे) खायला मिळतात आणि जमीनही सुधारते.

आता लष्करी अळी. ही अमेरिकेतली, भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली, आणि त्यानंतर मका लावणाऱ्या कुणालाच ती चुकलेली नाही. ओळख सोपी: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. सुरुवातीला पानावर कागदी, पारदर्शक खिडक्या दिसतात. मग पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचते. त्या टप्प्यावर अळी पोंग्यात खोल बसलेली असते आणि वरवरची फवारणी तिला लागतच नाही. म्हणून पहिले तीस दिवस दर तिसऱ्या दिवशी पानांची खालची बाजू बघा. केसाळ आवरणाखाली शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका सापडतो. तो बोटाने चिरडला की एका मिनिटात दोनशे अळ्या संपल्या. ऐंशी झाडं बघायला पंधरा मिनिटं लागतात. शेतकऱ्याला हे परवडत नाही, आपल्याला परवडतं.

पोंग्यात नऊ भाग बारीक वाळू आणि एक भाग चुना मिसळून चिमूटभर टाकावी. आणि निंबोळी अर्क: जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवा, कुटा. १५० ग्रॅम भुकटी फडक्यात बांधून तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, अंगाच्या साबणाचा थोडा कीस विरघळवा, आणि त्याच संध्याकाळी थेट पोंग्यात सोडा. भर उन्हात फवारलं तर अर्काचा जोर टिकत नाही. शिळा अर्कही उपयोगाचा नाही.

पेरणीपासून पन्नासेक दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यात, तुरा फुलतो. हे दोन आठवडे सगळ्यात नाजूक. या काळात ओल तुटली तर तुरा वेळेवर येतो पण केस उशिरा निघतात; केस बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असतो. टाकीतलं पाणी वाचवून ठेवायचं ते याच दिवसांसाठी.

ताटवा ऐंशीचा असेल तर वाऱ्यावर सोडून चालतं, तरी हातभार लावावा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, पानं कोरडी झाल्यावर तुरा हलवून बघा: पिवळी धूळ उडाली की पराग तयार. पंधरा-वीस झाडांचे तुरे एका कोरड्या कागदी पिशवीत झटका, पराग एकत्र करा आणि मऊ ब्रशने प्रत्येक कणसाच्या केसांवर लावा. रात्री पाऊस पडला असेल तर थांबा; ओला तुरा पराग सोडत नाही आणि ओला पराग गोळा होतो. केस काही दिवस थोडे थोडे बाहेर पडत राहतात, म्हणून हे तीन-चार सकाळी करा.

आसपास दुसरा मका असेल तर मात्र जास्त काम आहे. बियाण्याच्या मक्यासाठी दोन वाणांत निदान २०० मीटर अंतर ठेवतात, आणि नागपूरच्या वस्तीत ते मिळणं कठीण. शेजारी कुणी गोड मका लावणार असेल तर पेरणीत महिनाभराचं अंतर ठेवायला सांगा. ते जमत नसेल तर केस दिसण्याआधीच कणसाच्या टोकावर बटर पेपरची पिशवी घाला. केस पिशवीत दोन बोटं वाढले की संध्याकाळी त्यांची टोकं एक सेंटिमीटर कापून पिशवी परत घाला आणि त्याच संध्याकाळी तुऱ्यांवरही कागदी पिशव्या बांधा. सकाळी केस ब्रशसारखे एकसारखे आलेले असतात. बांधलेल्या तुऱ्यांचा पराग त्यांच्यावर टाका आणि लगेच पुन्हा झाका. प्लॅस्टिक वापरलं तर आत वाफ धरून बुरशी येते. भेसळ झाली की नाही, हे मका त्याच हंगामात सांगतो: पांढऱ्या कणसात मधूनच पिवळे दाणे दिसले, तर ते बाहेरच्या परागाचे. ते बियाण्यातून वेगळे काढा, खायला हरकत नाही.

कोवळे भुट्टे पोळ्याच्या मागेपुढे तयार होतात. इथेच बहुतेकांचं बी संपतं, कारण सगळ्यात टपोरं कणीस आधी निखाऱ्यावर जातं. खायच्या कणसांना हात लावण्याआधी, ताटं हिरवी असतानाच निरोगी झाडांना दोरा बांधून ठेवा. आणि फक्त 'सगळ्यात मोठं' एक कणीस बियाण्याला ठेवू नका. एका कणसाचे सगळे दाणे एकाच आईचे असतात. त्यांची झाडं म्हणजे सगळी भावंडं, आणि भावंडांतच संकर होत राहिला की दोन-तीन पिढ्यांत ताटं खुजी, कणसं आखूड, दाणे विरळ. वांगं किंवा टोमॅटो असले लाड सहन करतो. मका करत नाही. निदान पन्नास झाडांचं बी हवं, शंभर असतील तर फारच उत्तम.

म्हणून असं करा: पन्नास कणसं घ्या, प्रत्येकाच्या मधल्या भागातले बरोबर दहा दाणे. टोकाचे आणि बुडाचे नको. मोठ्या कणसाचे पन्नास आणि छोट्याचे दोन, असंही नको. सारखे म्हणजे सारखे. झाले ५०० दाणे, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पुढच्या वर्षी आपल्याला लागतात १६०. उरलेले शेजाऱ्यांचे. ज्याच्याकडे फक्त वीस ताटांची जागा आहे, त्याला एकट्याने बी राखता येणार नाही, पण गल्लीतल्या पाच घरांनी एकच वाण लावला आणि दसऱ्याला सगळ्यांनी आपापलं बी एका परातीत ओतून, कालवून परत वाटून घेतलं, तर ते एकच वावर झालं. पराग बहुतेक काही मीटरांतच खाली पडतो, त्यामुळे घरं जवळ आहेत म्हणून संकर आपोआप होईल असं समजू नका. परात हवीच.

कणीस झाडावरच वाळू द्या. दाणा कणसातून उपटला आणि त्याच्या बुडाशी काळा थर दिसला की तो पिकला; ओल मात्र अजून तीस टक्क्यांवर असते. परतीच्या पावसाचा अंदाज असेल तर कणसं तोडून, पानं मागे सोलून, त्यांचीच वेणी घालून व्हरांड्यात टांगा. पोपट आणि खारी यांचाही तिथे त्रास कमी. दाताखाली दाणा दबत असेल तर अजून ओल आहे. कडकन फुटला की बरणीत भरायला तयार. बरणी काचेची, घट्ट झाकणाची, आत तळाशी चाळलेली राख. सोंड्यांची (दाणे पोखरणाऱ्या किड्यांची) अंडी आतच असू शकतात, म्हणून पूर्ण वाळलेलं बी बरणीसकट आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. ओलं बी फ्रीजरमध्ये टाकलं तर ते मरतं, सोंडे मरण्याआधीच.

मे महिन्याच्या शेवटी पन्नास दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात ओळीने मांडून गुंडाळा आणि सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी मोजा. पंचेचाळीस उगवले तर टोकणीला दोन दाणे पुरे. पस्तीसपर्यंत उतरले तर तीन टाका. पंचवीसच्या खाली गेले, तर त्या वर्षी शेजाऱ्याकडची बरणी उघडायची.